एका पायावर

म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या संशोधक बाईंना एका इमारतीनं पंधरा वर्षं कोड्यात टाकलं होतं. दरवर्षी ठरलेल्या तारखेला त्या स्टॉपवॉच घेऊन जायच्या आणि एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं, हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, ते लिहून घ्यायच्या. सगळ्या शहरातले आकडे वर्षागणिक घसरत होते, पण या इमारतीतल्या सात आजी-आजोबांचे तसूभर हलायला तयार नव्हते! बाईंनी त्यांचं जेवण तपासलं, झोप तपासली, अगदी नळाचं पाणीसुद्धा तपासलं. हाती काही लागेना. इकडे साहेबांनी पिच्छा पुरवलेला, "यांचं गुपित काय ते शोधा, त्यावाचून अहवाल अडलाय."

यंदा बाई न कळवता एक दिवस आधीच जाऊन थडकल्या. तळमजल्यावरचं दार सताड उघडं होतं. आत सहा जण ओळीनं एका पायावर उभे होते आणि सातव्या, निवृत्त मुख्याध्यापिका आजी, हातात घड्याळ घेऊन ओरडत होत्या, "अण्णा, टेकला पाय! वर्षभर रोज सराव घेतेय, आता ऐन वेळी माझं नाक कापणार का?"

दारात बाईंना पाहताच आजींनी घड्याळ पाठीमागे लपवलं.

"अगं, तू आज कशी आलीस? परीक्षा तर उद्या आहे!"