नऊ जागा

ऱ्हाइन नदीवरून आलेलं मार्चमधलं फिकट ऊन खिडकीशी बराच वेळ रेंगाळलं, मग टेबलावरच्या माझ्या ग्रंथावर चढलं आणि अखेर भिक्षू गेशे यारफेल यांच्या सुरकुतलेल्या हातांपाशी येऊन थांबलं. त्याच हातांनी अकरा वर्षं एकेक ओळ दाखवत त्यांनी मला करुणेवरची एक तिबेटी पोथी समजावली होती. तिच्या भाषांतरावर मला डॉक्टरेट मिळाली, आणि या विद्यापीठातली नोकरीही.

आज इथे तिबेटी शिकवण्याच्या जागेसाठी त्यांची परीक्षा होती. पदवी नसल्यामुळे ती द्यावी लागत होती. जागा मिळाली नाही, तर महिनाअखेर त्यांना देश सोडावा लागणार होता.

"त्याच पोथीतलं एक पान यांना दिलं होतं," विभागप्रमुख ब्रांडिसबाई म्हणाल्या. "यांनी सांगितलेला अर्थ तुमच्या छापील भाषांतराशी नऊ ठिकाणी जुळत नाही. डॉक्टर, चूक कोणाची?"

"नऊच?" गेशे माझ्याकडे पाहून हसले. "विनफ्रीड, मला वाटलं होतं, जास्त निघतील."

बाई हसल्या नाहीत. पेनाचं टोपण काढून त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

"यांची," मी म्हणालो.

गेशेंनी पोथी कापडात नीट गुंडाळली आणि नेहमीसारखी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

तिबेटीचा तो वर्ग तेव्हापासून मीच घेतो.



मला तिबेटी येत नाही.