मोकळे हात

"बाळ कुठं ठेवलंस?" बायकोनं विचारलं.

नवरा आरशासमोर बसून तोंडाचा पांढरा रंग पुसत होता. एक गाल माणसात आला होता, दुसरा अजून भिंतीसारखा होता. दुपारचा खेळ रंगला होता आणि चहा यायचा होता, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

"कुठलं बाळ?"

"मी दार लावायला वळले तेव्हा तुझ्या हातात दिलं ते."

रंग पुसणारा हात थांबला. दोघांच्या त्या मूकनाट्यात शब्द नव्हता, सामान नव्हतं. दार, पाळणा, बाळ, सगळं हवेचं. म्हणूनच त्यांचा एक नियम होता, तिनंच घातलेला: जे उचललं ते खाली ठेवायचं, ठेवल्याशिवाय हात मोकळे करायचे नाहीत. आज शेवटी टाळ्या जरा लवकर पडल्या. टाळ्या ऐकल्या की या गृहस्थाचं मुंगळ्यासारखं होई, गूळ दिसल्यावर होतं तसं. पाळण्यापर्यंत न जाताच त्यानं दोन्ही हात पसरून प्रेक्षकांना अभिवादन केलं होतं.

"अगं, हवा ती. हवेला काय लागतंय?"

"इतकी वर्षं त्याच हवेवर जेवतोयस, तेव्हा नाही सुचलं हे?" तिनं आपला रंग पुसायला घेतलाच नव्हता. "ते मिळाल्याशिवाय मी संध्याकाळी उभी राहणार नाही. आणि तुझ्याबरोबर तर पुन्हा कधीच नाही."

थट्टा करताना तिची डावी भुवई हलायची. ती हलली नाही.

तो निमूट उठला. बायकोला हवं ते आणून दिलं की वाद मिटतो, ही त्याची जुनी श्रद्धा. आणि या खेपेला तर आणायचंही काही नव्हतं.

रंगमंचावर पडदा पडलेला होता. झाडूवाला काम आटोपून कडेला बसला होता. सगळ्या फळ्या लख्ख. फक्त पुढच्या बाजूला उशीएवढा धुळीचा तुकडा तसाच.

"एवढंच का सोडलंत, काका?"

"तुमचंच काहीतरी असेल म्हटलं," झाडूवाला म्हणाला. "उगीच कशाला हात लावा."

नवरा हसला. समोरचा हसेना, तेव्हा हसू आवरतं घेतलं. मग तो वाकला, एक हात मानेखाली, एक पाठीखाली, आणि तिथली हवा उचलून निघाला. खोलीच्या दारात सवयीनं जरा आडवा वळला, चौकट डोक्याला लागू नये म्हणून.

"घे बाई. सापडलं."

तिनं अलगद घेतलं. दुपटं बाजूला केलं. बराच वेळ पाहत राहिली. रंगाखाली चेहऱ्याचं काय झालं, कळायला मार्ग नव्हता.

"हे आपलं नाही."

"म्हणजे?"

"आपलं याच्यापेक्षा लहान आहे."

"मग हे कुणाचं?"

"मला काय विचारतोस? उचलून तू आणलंस." तिनं ते त्याच्या हातात परत दिलं आणि आपलं शोधायला रंगमंचाकडे धावली.

तो एका गालानिशी उभा राहिला. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. हात सोडून द्यावेत असं त्याला वाटलं. पण लोकाचं पोर, ठेवायचं कुठं? आरशात पाहिलं तर हात रिकामेच होते. कोपरं मात्र भरून आली होती.

तेवढ्यात संध्याकाळच्या खेळाची घंटा खणखणली, अगदी डोक्यावर.

त्यानं चटकन तळहात वळवला आणि बाळाचा कान झाकला.