दारातला फोटो

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हापासून दोघा भावांत अबोला होता. तरी दर नववर्षाच्या सकाळी थोरला आपल्या खिडकीतून समोरच्या धाकट्याच्या दाराचा फोटो काढायचा, छापून आणायचा आणि गुपचूप त्याच्या दाराखालून आत सरकवायचा. त्या सकाळी धाकट्याचं अख्खं कुटुंब नेमकं दारात उभं असायचं. इस्त्रीचे कपडे घालून, अगदी सहज. खिडकीकडे मात्र कुणी बघायचं नाही.

यंदा थोरल्याचे हात थरथरायला लागले होते. त्याने कॅमेरा कपाटात टाकला आणि खिडकी लावून घेतली. बऱ्याच वेळाने दार वाजलं. बाहेर धाकटा उभा.

"दादा, अजून किती वेळ उभं राहायचं आम्ही?"

"हात थरथरतात रे. फोटो हलेल."

"हलला तर हलला. आम्ही नाही हलत."