दुसरा श्वास

हेडफोनमध्ये छकुलीचा श्वास ऐकू येत होता, आणि तिच्या मागे आणखी कुणाचातरी.

ध्वनिमुद्रक बुद्धघोषने आवाज वाढवला. सात वर्षांची छकुली उसाच्या कडेला उकिडवी बसून भातुकली मांडत होती. मालिकेतल्या धाकट्या मुलीचं काम होतं तिचं. फ्रॉकला आतून चिमुकला माइक लावलेला. एरवी जनरेटरच्या धडधडीत तिचे संवाददेखील नीट यायचे नाहीत. पण गेल्या महिन्यात वाहिनीने सगळ्या युनिटला बारामतीत पर्यावरणाचं ट्रेनिंग दिलं आणि जनरेटर बंद झाला. दिवे बॅटरीवर आले, प्लास्टिकच्या बाटल्या जाऊन स्टीलचे पेले आले. बावडा गावच्या शिवारात आता इतकी शांतता होती की उसाचं वाळकं पाचट चुरचुरलेलंही कळावं.

ते आत्ता चुरचुरलं. मग पुन्हा तो श्वास. जड, सावकाश.

कुत्रं असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. उसाच्या बांधावर आठवडाभर कुत्र्यांची जत्राच भरली होती. पण आज सकाळपासून एकही कुत्रं दिसलं नव्हतं.

शेजारी प्रॉडक्शन मॅनेजर दिग्विजय उभा होता. बुद्धघोषने हेडफोन त्याच्या कानाला लावला. दिग्विजयच्या तोंडचं पाणी पळालं.

"बिबट्या," तो कसाबसा पुटपुटला. "उष्टं म्या तितंच टाकाय लावलं रं. मटणाची हाडं, समदं."

"अन् ट्रेनिंगला हात वर केला व्हतास की, उष्टं उघड्यावर टाकणार न्हाई म्हणून!"

"जनरेटर बंद केला न्हवं? उष्टं गावातल्या खड्ड्यापातूर न्यायचं म्हंजी रोज गाडी लागती..."

उष्ट्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या, हे ट्रेनिंगच्या बाईंनी दोनदा सांगितलं होतं. त्या दिवशी सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. पुढे सोयीचं तेवढं अंगी बाणलं, बाकीचं बांधावर गेलं.

"जनरेटर लावतो," दिग्विजय म्हणाला. "आवाजानं पळंल त्यो."

बुद्धघोषने त्याचं मनगट धरलं. "कुणीकडं पळंल? पोरगी म्होरंच बसलीया."

तिकडे मॉनिटरसमोर दिग्दर्शिका राजेश्वरी खूश होती. पोरगी झकास काम करत होती. कुणी हलू नये म्हणून तिने हात वर धरला होता.

छकुलीची आजी गोजरबाई उलट्या क्रेटवर बसली होती. तिने या दोघांची तोंडं पाहिली, मग ऊस पाहिला, मग नात. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. ती उठली आणि सरळ कॅमेऱ्यासमोर गेली.

"आजी, कॅमेरा चालू आहे!" राजेश्वरी वैतागली.

गोजरबाईने मागे वळूनही पाहिलं नाही. रोज अंगणात रागवावं तशा आवाजात ती म्हणाली, "छकुले, ऊठ बया. उभी ऱ्हा आदी. फ्रॉक मळवला समदा."

छकुली उभी राहिली. "आज्जे, माजा भात शिजायचाय अजून."

"शिजंल. तू माज्याकडं बघत ये. चालत ये. पळालीस तर बघ, नवी चप्पल तुटंल."

बुद्धघोषने हेडफोन पुन्हा कानाला लावला. छकुलीच्या चपलेचा फटफट आवाज. पैंजण. मागचा श्वास मात्र थांबला होता, आणि त्याला जास्त भीती त्याचीच वाटली. श्वास होता तोवर जनावर कुठे आहे ते तरी कळत होतं.

मध्येच छकुली थबकली. "आज्जे, माजी भावली ऱ्हायली!" ती मागे वळू लागली.

"ऱ्हाऊ दे तिला," गोजरबाई म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "झोप आलीया तिला. तू ये."

पाचट चुरचुरलं. एकदाच.

छकुली चालत आली. गोजरबाईने तिला उचलून छातीशी घेतलं आणि तशीच, उसावरची नजर न काढता, मागे मागे सरकत राहिली. राजेश्वरीने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, दिग्विजयचा चेहरा पाहिला आणि हळूहळू हात खाली घेतला. सगळं युनिट जागच्या जागी उभं होतं.

"गेला का?" दिग्विजय बुद्धघोषच्या खांद्याला हिसडे देत होता. "आरं सांग की, गेला का त्यो?"

फ्रॉकमधला माइक आजीच्या छातीशी घट्ट दाबला गेला होता. बुद्धघोषच्या कानात गोजरबाईचं काळीज जनरेटरसारखं धडधडत होतं. त्यापलीकडचं त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.