हौसाबाईंचा सत्कार

“ठरावाला लागतात तेवढी पन्नास माणसं नाहीत, ठराव पुढच्या सभेत,” असं नगरसेवकांनी सांगितलं की हौसाबाई ढमाले मुकाट्यानं मंडईतल्या आपल्या भाजीकडे परत जात. चार वर्षं प्रभागसभेत हेच चाललं होतं. मंडईत बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, एवढीच त्यांची मागणी होती. लघवीला जायची सोय नाही म्हणून तिथल्या भाजीवाल्या दिवसभर पाणीच पीत नसत.

निवडणूक जवळ आली आणि नगरसेवकांना गर्दी हवीशी झाली. त्यांनी सभेत हौसाबाईंचाच ‘आदर्श नागरिक’ म्हणून सत्कार ठरवला, वर मिसळही ठेवली. सभागृह खच्चून भरलं.

नगरसेवक शाल घेऊन पुढे आले, तशा हौसाबाई एक पाऊल मागं सरल्या.

“साहेब, माणसं किती हायेत?”

“दोनशे तरी असतील, बाई!” ते अभिमानानं म्हणाले.

“मग आधी ठराव घ्या. शाल काय पळून जात न्हाई.”

मागच्या रांगेतल्या भाजीवाल्या हसत उभ्या राहिल्या. पाठोपाठ सगळ्या सभागृहाचे हात वर गेले. नगरसेवकांनी एकदा दाराकडे पाहिलं, शाल खुर्चीवर ठेवली आणि आपलाही हात वर केला.