पासपोर्टला कुंकू

व्हिसा ऑफिसात काउंटरवरच्या मॅडमनी बाबांच्या पासपोर्टचं पान नखानं खरवडलं. "हे लाल काय आहे?"

मी बघताक्षणी ओळखलं. परवाच्या खंडेनवमीला आईनं बाबांच्या पटाशी-करवतीशेजारी पासपोर्टही पाटावर मांडला होता. उघडून, फोटोला ओलं कुंकू लावून.

"रंग प्लास्टिकच्या आत मुरलाय. नंबरही वाचता येत नाही. आधी नवीन पासपोर्ट काढा, मग व्हिसाचं बघू."

"अहो, प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलंय! बेल्जियमच्या दुकानदारानं बोलावलंय यांना, स्वतः बनवलेले तंबोरे दाखवायला. जन्मात पहिल्यांदा!" मी ओरडले. सिक्युरिटीवाला उठला, तशी बाबांनी माझं मनगट धरून मला बाहेर आणलं.

फुटपाथवर माझा पाय ठरेना. नववीत शाळा सोडली तेव्हापासून आई मला 'अडाणी' म्हणते. आज तिचा शब्द तिलाच परत करणार होते. मिरजेला फोन लावलासुद्धा.

"तिला सांगू नको," बाबा म्हणाले. "परत कधी माझ्या हत्यारांना कुंकू लावणार नाही ती."

तेवढ्यात आईनं उचललाच. "झालं का गं काम?"

जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. "प्रदर्शनच पुढं ढकललंय."

"बघ! म्हटलं होतं ना, नुसत्या कुंकवानं भागायचं नाही. पुढच्या वेळी पासपोर्टपुढं नारळच फोडते."

मी बाबांकडं बघितलं. आईचा आवाज फोनबाहेर त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यांनी गुपचूप पासपोर्ट आतल्या खिशात सरकवला आणि वरून बटण लावलं.