सुनेचे ठोके

अण्णांचा नाडी मोजणारा मनगटी बँड दुसऱ्या कंपनीचा होता. नव्या ट्रेडमिलने तो नाकारला आणि परस्पर सुनेच्या, शर्वरीच्या बँडशी जोडून घेतलं. ती सोफ्यावर बसून मटार सोलत होती. तिची नाडी संथ दिसताच यंत्राने त्यावर चालणाऱ्या अण्णांचा वेग वाढवला. पुरेसे ठोके पडल्याशिवाय कमरेचा सुरक्षापट्टा सुटणार नव्हता.

"शर्वरी, बंद कर! छातीत दुखतंय!" अण्णा कळवळले.

बटणं दाबून काहीच होईना. पडद्यावर तिचंच नाव पाहून शर्वरी हादरली. ती जिवाच्या आकांताने जागच्या जागी उड्या मारू लागली. हळूहळू वेग उतरला, पट्टा सुटला. अण्णा जमिनीवर बसले.

"सुटलो गं. थांब आता, पोरी."

पण भीतीने तिचे पाय थांबेचनात.